स्कूटरवर अ‍ॅक्शन कॅमेरा कोठे व कसा बसवावा : बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील नवशिक्यांसाठी

ऑनलाइन मिळणाऱ्या माउंटच्या, म्हणजे कॅमेरा गाडीला धरून ठेवणाऱ्या जोडभागांच्या, पेटीत वीस-पंचवीस सुटे भाग असतात आणि त्यांतले बहुतेक स्कूटरच्या कामाचे नसतात. सायकलीचे किंवा मोटारसायकलीचे हँडल म्हणजे उघडी गोल नळी असते आणि तिला क्लॅम्प आवळला की काम झाले. अ‍ॅक्टिव्हा, ज्युपिटर, अ‍ॅक्सेस यांसारख्या स्कूटरचे हँडल मात्र प्लास्टिकच्या आवरणात झाकलेले असते, पुढचा सगळा भाग वळणदार अ‍ॅप्रनने (पायांसमोरच्या प्लास्टिकच्या किंवा पत्र्याच्या आवरणाने) व्यापलेला असतो, आणि इंजिन चौकटीच्या मध्यात पक्के बसवलेले नसून मागच्या चाकाबरोबर वरखाली होणाऱ्या जोडणीचाच भाग असते. त्यामुळे मोटारसायकलवाल्या मित्राचा सल्ला येथे अर्धाच लागू पडतो. स्कूटरवाल्याने आधी जागा ठरवावी आणि मग त्या जागेपुरते एकच माउंट विकत घ्यावे. पेटी आधी घेतली तर तिच्यातला एखादा भाग कोठेतरी बसवायचाच असा हट्ट होतो, आणि चित्रण बिघडण्याची सुरुवात तेथूनच होते.

पहिली पायरी : कॅमेरा कशाबरोबर वळावा, हे ठरवणे

स्कूटरवर कॅमेरा मुख्यतः तीन गोष्टींबरोबर वळू शकतो : चालकाच्या डोक्याबरोबर, हँडलबरोबर, किंवा गाडीच्या मूळ सांगाड्याबरोबर. माउंट कोणत्या कंपनीचे आहे यापेक्षा या प्रश्नाचे उत्तर चित्रणावर कितीतरी अधिक परिणाम करते.

हेल्मेटवरचा कॅमेरा चालक जिकडे पाहतो तिकडे पाहतो. वळणावर गाडी कलली तरी माणूस डोके नकळत सरळ ठेवतो, त्यामुळे क्षितिज बऱ्यापैकी आडवे राहते. परंतु आरशात पाहणे, दुकानाच्या पाटीकडे वळून बघणे, खड्डा चुकवण्यासाठी मान खाली घालणे, हे सगळेही चित्रात येते. ज्याला वाटेत थांबून माणसांशी बोलायचे आहे, कणकुंबीच्या चहाच्या टपरीपासून पुढे पायवाटेने चालत जायचे आहे, त्याच्यासाठी ही जागा चांगली, कारण गाडीवरून उतरल्यावरही कॅमेरा सोबत येतो.

हँडलबरोबर वळणाऱ्या कॅमेऱ्याचे वागणे वेगानुसार बदलते आणि नवशिक्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही. खडेबाजार किंवा गणपत गल्लीच्या गर्दीत, जेथे गाडी चालण्याच्या गतीने पुढे सरकते, तेथे तोल सांभाळण्यासाठी हँडल सतत डावी-उजवीकडे हलत असते आणि चित्र पाहणाऱ्याला अक्षरशः गरगरते. तेच हँडल जांबोटीच्या पुढे चोर्ला घाटाच्या वळणांवर फारसे वळत नाही, कारण वेग असताना दुचाकी मुख्यतः कलून वळण घेते. म्हणून घाटातले चित्रण हँडलच्या बाजूने उत्तम येते आणि बाजारातले वाईट येते, कॅमेरा तोच असूनही.

गाडीच्या सांगाड्याला म्हणजे अ‍ॅप्रनला किंवा पक्क्या बसवलेल्या क्रॅश गार्डला लावलेला कॅमेरा गाडी जाईल तिकडे तोंड करून राहतो. बाजारात तो सर्वांत शांत चित्र देतो. घाटात गाडी कलली की क्षितिजही कलते. काहींना ते आवडते आणि ज्यांना आवडत नाही त्यांनी कॅमेऱ्यातील क्षितिज स्थिर ठेवण्याची सोय चालू करावी, मात्र तिच्यामुळे चित्राच्या कडा काही प्रमाणात कापल्या जातात हे लक्षात ठेवावे.

आपल्याला मुख्यतः शहरातली रोजची ये-जा टिपायची आहे की आंबोली, चोर्ला, तिलारीकडच्या सहली, याचे प्रामाणिक उत्तर कागदावर लिहावे. दोन्हीही हवे असे उत्तर आले, तर सांगाड्याची जागा निवडणे अधिक सुरक्षित.

दुसरी पायरी : थरथर ओळखणे

थरथर दोन प्रकारची असते आणि दोहोंवरचा उपाय वेगळा आहे. खड्डे व गतिरोधक यांचे हेलकावे मोठे व संथ असतात. कॅमेऱ्यातील इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरण जायरोस्कोपच्या (कॅमेऱ्याचे वळणे मोजणाऱ्या सेन्सरच्या) मोजमापावरून चित्र उलट दिशेने सरकवून ते बऱ्याच अंशी झाकते. इंजिनाची थरथर मात्र बारीक व वेगवान असते. कॅमेऱ्याचा सेन्सर चित्र एकदम न टिपता एकेक ओळ करून वाचतो, त्यामुळे ओळीओळीगणिक कॅमेरा हलत राहिला तर सरळ विजेचा खांबही लाटेसारखा वाकडा दिसतो. ही लाट सॉफ्टवेअरने पूर्णपणे जात नाही. ती माउंटपाशीच अडवावी लागते. शिवाय सायंकाळी प्रकाश कमी झाला की कॅमेरा प्रत्येक चौकटीसाठी (चित्रणातल्या एकेका स्थिर चित्रासाठी) अधिक वेळ घेतो, आणि त्या एका चौकटीच्या आतच जो फराटा उमटतो तो कोणतेही स्थिरीकरण पुसू शकत नाही. दुपारी उत्तम दिसलेले माउंट दिवेलागणीला निरुपयोगी का वाटते, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

थरथर मोजण्यासाठी यंत्र लागत नाही, गाडीचा आरसा पुरतो. मोकळ्या सरळ रस्त्यावर, मागे दुसरे वाहन अंतर राखून असताना, वेग हळूहळू वाढवत न्यावा आणि आरशातली प्रतिमा कोणत्या वेगाला धूसर होते हे ओझरत्या नजरेने पाहावे. ज्या वेगाला आरसा धूसर, त्या वेगाला आरशाच्या दांडीवरचा कॅमेराही धूसर. तो वेग आपल्या नेहमीच्या वेगाच्या आसपास असेल, तर आरशाच्या जागेचा विचार सोडून द्यावा किंवा आधी गॅरेजमध्ये मेस्त्रीकडून इंजिनाच्या जोडणीचे रबरी बुश आणि टायरमधील हवा तपासून घ्यावी. झिजलेल्या बुशांच्या गाडीवर महाग माउंट लावणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

येथेच मोबाइलविषयी एक सूचना. कॅमेरा घेण्याआधी मोबाइलच हँडलला लावून पाहू, असे अनेकांना वाटते. मोबाइलच्या भिंगामागे सूक्ष्म हलती यंत्रणा असते आणि मोटारसायकलीच्या इंजिनाच्या तीव्र थरथरीने ती बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपल कंपनीने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. मोपेड व स्कूटर यांची थरथर तुलनेने कमी असली तरी थरथर शोषणारे माउंट वापरावे, असेही त्यात म्हटले होते. अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांत बहुधा अशी हलती भिंगे नसतात, आणि गाडीवर त्यांनाच पसंती देण्यामागचे हे एक ठोस कारण आहे.

तिसरी पायरी : जागा निवडणे

आरशाची दांडी. नवशिक्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सोपी जागा हीच. येथला कॅमेरा हँडलबरोबर वळतो. आरसा सैल करून त्याच्या नटाखाली छिद्र असलेली धातूची पट्टी अडकवतात आणि तिच्यावर कॅमेरा बसवतात. दांडीला आवळायचे क्लॅम्पही मिळतात, परंतु दांडी बारीक असल्याने ते फिरतात, म्हणून पट्टी अधिक भरवशाची. पट्टी घेण्याआधी आरशाच्या आट्याचा व्यास मोजावा. तो गाडीगणिक ८ किंवा १० मिलिमीटर असू शकतो. काही गाड्यांत उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, तेव्हा पाना लावून जोर करण्यापूर्वी कोणत्या बाजूला फिरते ते हाताने पाहावे. पट्टी जितकी आखूड तितके चित्र शांत. पुढे लांब दांडी, तिला जोड, त्या जोडाला आणखी जोड अशी साखळी केली, की प्रत्येक जोड थोडा-थोडा हलतो आणि शेवटी कॅमेरा पतंगासारखा डुलतो. कॅमेऱ्याचे वजन साधारण दीडशे ग्रॅमच असते, पण लांब दांडीच्या टोकाला तेही भारी पडते. जागा करण्यासाठी आरसाच काढून टाकणे हा मार्ग नव्हे. गल्लीतून मुख्य रस्त्यावर येताना चालकाला चित्रणापेक्षा आरशाची गरज अधिक असते.

क्रॅश गार्ड. आपल्याकडे स्कूटर घेतली की तिला स्टीलचा गार्ड बसवून घेण्याची पद्धत आहे आणि या कामात त्याचा मोठा उपयोग होतो, कारण स्कूटरवर उघडी गोल नळी मिळण्याची ती जवळजवळ एकमेव जागा आहे. मात्र गार्ड कशाला बसवला आहे ते खाली वाकून पाहावे. पुढच्या मडगार्डभोवतीचा गार्ड चाकाबरोबर वळतो आणि प्रत्येक दणका जसाच्या तसा वर पाठवतो, तो टाळावा. पायांसमोरून किंवा बाजूने जाणारा, सांगाड्याला बोल्टने पक्का केलेला गार्ड चालतो. तो हाताने जोरात हलवून पाहावा. खडखडला तर आधी त्याचेच बोल्ट आवळून घ्यावेत. नळीची जाडी मोजण्यासाठी तिच्याभोवती सुतळी गुंडाळावी आणि सुतळीची लांबी ३.१४ ने भागावी. घेर ७ सेंटिमीटर आला तर व्यास सुमारे २२ मिलिमीटर. कॅमेरा गार्डच्या रेषेच्या आत राहील असा बसवावा, कारण गाडी आडवी झाली तर बाहेर आलेली वस्तू प्रथम रस्त्याला लागते. खानापूर तालुक्यातल्या लाल चिखलाच्या दिवसांत ही जागा फार घाण होते, हा तिचा मोठा दोष आहे.

अ‍ॅप्रन. चिकट तळाचे माउंट येथे लागते. दृश्य खालून येते, रस्ता चित्रात भरून राहतो आणि वेग आहे त्याहून अधिक भासतो. हँडल किंवा हात चित्रात येत नाहीत, त्यामुळे प्रेक्षकाला आपण गाडीवर आहोत असे कमी वाटते. अ‍ॅप्रनचा गुळगुळीत, रंगवलेला आणि शक्य तितका सपाट भागच निवडावा. खरखरीत काळ्या प्लास्टिकवर चिकटपट्टी टिकत नाही. दिवा, इंडिकेटर आणि नंबरप्लेट यांपैकी काहीही झाकले जाता कामा नये.

हेल्मेट. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटच्या हनुवटीवर कॅमेरा बसवल्यास दृश्य डोळ्यांच्या जवळचे मिळते आणि वर बसवल्यावर मानेला वाऱ्याचा जो ओढा जाणवतो तो येथे कमी असतो. तरीही या जागेबाबत सावधगिरीच बाळगावी. पडताना हेल्मेट रस्त्यावर घसरत जाणे अपेक्षित असते आणि बाहेर आलेली कठीण वस्तू त्यात अडथळा करते. केरळच्या मोटार वाहन विभागाने २०२२ मध्ये हेल्मेटवर कॅमेरा लावणाऱ्यांवर कारवाईची भूमिका घेतली होती, तीही याच मुद्द्यावर. ज्यांना हीच जागा हवी आहे त्यांनी जोराचा धक्का बसल्यास सुटून येईल असे पट्ट्याचे किंवा चिकट माउंट वापरावे, हेल्मेटला कधीही भोक पाडू नये, आणि आयएसआय चिन्ह नसलेल्या अर्ध्या टोपीवर तर हा प्रयोग करूच नये. हेल्मेटची सक्ती मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ ने केली आहे आणि तो कायदा केंद्राचा असल्याने कर्नाटकातले बाची ओलांडून महाराष्ट्रातल्या शिनोळीत शिरल्यावर त्यात फरक पडत नाही.

छातीवरचा पट्टा मोटारसायकलवर झुकून बसणाऱ्यांसाठी चांगला. स्कूटरवर ताठ बसल्याने त्याला समोर हँडलचे आवरण आणि आरशांच्या दांड्या जास्त दिसतात. मागच्या सीटच्या धरायच्या कडीवर मागे तोंड करून कॅमेरा लावता येतो, पण इंजिनाच्या अगदी जवळ असल्याने थरथर तेथे सर्वाधिक. पुढचे मडगार्ड सरळ वगळावे.

चौथी पायरी : माउंट बसवणे

चिकट माउंट घाईने लावले जाते आणि म्हणूनच पडते. गाडी धुऊन पूर्ण कोरडी करावी. सर्व्हिसिंगच्या वेळी पॉलिश किंवा टेफ्लॉनचा थर दिला असेल, तर त्या थरावर चिकटपट्टी प्लास्टिकला न धरता पॉलिशला धरते, म्हणून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने ती जागा स्वच्छ कापडाने दोन-तीनदा पुसावी आणि नंतर तिला बोट लावू नये. सपाट जागेला सपाट तळ, वळणदार जागेला वळणदार तळ. दोन्हींची अदलाबदल केली तर कडा सुटतात आणि तेथून पाणी आत शिरते. चिकटवण्याआधी तळ नुसता धरून, चालकाच्या जागेवर बसून, कॅमेरा चालू करून चौकट पाहून घ्यावी, कारण एकदा चिकटलेली पट्टी काढून पुन्हा लावता येत नाही. मग तळ अर्धा मिनिट घट्ट दाबून धरावा. त्यानंतर किमान २४ तास त्यावर कॅमेरा लावू नये. चांगल्या प्रतीच्या फोम-चिकटपट्टीची पूर्ण पकड येण्यास सुमारे ७२ तास लागतात. श्रावणातल्या झडीत, हवा ओलसर व गार असताना हे काम करण्यापेक्षा एखाद्या उघडिपीच्या दुपारची वाट पाहणे बरे.

क्लॅम्प बसवताना नळी व क्लॅम्प यांच्यामध्ये जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा घालावा. पंक्चरच्या दुकानात तो सहज मिळतो. त्याने पकडही वाढते आणि बारीक थरथरही काही प्रमाणात शोषली जाते. तुकडा एकाच थराचा असावा. दोन-तीन थर घातले तर क्लॅम्प रबरावर डुलू लागतो. धातूच्या बोल्टला नायलॉन असलेला नट वापरावा. आटे सैल होऊ नयेत म्हणून मिळणारा चिकट द्रव प्लास्टिकला लागल्यास प्लास्टिक तडकू शकते, म्हणून कॅमेऱ्याच्या बोटांसारख्या प्लास्टिकच्या जोडाजवळ तो नेऊ नये. त्या जोडाचा स्क्रू हाताने आवळून, शेवटी छोट्या पान्याने किंचित फिरवला की पुरे होते.

यानंतर सुरक्षा-दोरी. माउंट निखळले तरी कॅमेरा लोंबकळत राहावा, यासाठी कॅमेऱ्याची चौकट आणि गाडीचा दुसराच एखादा पक्का भाग यांना जोडणारी बारीक, मजबूत दोरी बांधावी. माउंटलाच दोरी बांधून काही साधत नाही. दोरी इतकी आखूड असावी की कॅमेरा सुटला तरी तो चाकापर्यंत, ब्रेकच्या लिव्हरपर्यंत किंवा चालकाच्या पायापर्यंत पोहोचणार नाही.

सगळे बसल्यावर गाडी मुख्य स्टँडवर लावून हँडल डावीकडे आणि उजवीकडे पूर्ण फिरवावे. माउंट अ‍ॅप्रनला घासते का, केबल ताणली जाते का, दोन्ही ब्रेक पूर्ण दाबले जातात का, हॉर्नच्या बटणापर्यंत अंगठा जातो का, हे एकेक करून पाहावे. यांपैकी एक जरी अडत असेल, तर ती जागा कितीही सुंदर चित्र देत असली तरी सोडून द्यावी.

पाचवी पायरी : चाचणी

पहिली फेरी घाटात करू नये. घराजवळचा असा रस्ता निवडावा ज्यात थोडा गुळगुळीत भाग, दोन-चार गतिरोधक आणि थोडा उखडलेला भाग असेल. हिंडलगा-सुळगा-उचगाव हा पट्टा किंवा पिरनवाडीहून मच्छेकडे जाणारा रस्ता यासाठी सोयीचा. कॅमेरा निघण्याआधी चालू करावा आणि थांबल्यावरच बंद करावा. फेरीनंतर प्रत्येक नट हाताने तपासून कोणता सैल झाला ते पाहावे, आणि चित्रण कॅमेऱ्याच्या बोटभर पडद्यावर न पाहता घरातल्या मोठ्या पडद्यावर पाहावे, कारण लहान पडद्यावर लाटा दिसतच नाहीत. दोष दिसल्यास एका वेळी एकच बदल करावा : आधी दांडी आखूड करावी, मग रबर बदलावे, आणि तरीही उपयोग न झाल्यास जागा बदलावी.

महामार्गावर, विशेषतः निपाणीजवळच्या तवंदी घाटात, मोठ्या ट्रकच्या शेजारून जाताना वाऱ्याचा जो झपाटा बसतो तो माउंटची खरी परीक्षा घेतो. हलक्या स्कूटरला तो चालकासह हलवतो, मग कॅमेऱ्याची काय कथा! उसाच्या हंगामात चिकोडी-संकेश्वर भागात रात्री मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. त्या काळात संध्याकाळनंतर कॅमेऱ्याच्या पडद्याकडे पाहण्याचा मोह होऊ नये म्हणून पडदा बंदच ठेवावा.

काही ठिकाणी माउंट कितीही चांगले असले तरी कॅमेरा काढून ठेवणे इष्ट. बेळगावच्या कॅम्प भागात लष्करी संस्था आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे आणि सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. चित्रण मनाईच्या पाट्या असलेल्या रस्त्यावरून जाताना, कॅमेरा बंद आहे असे पहारेकऱ्याला समजावत बसण्यापेक्षा तो डिकीत असलेला बरा. भीमगड अभयारण्याच्या बाजूला वनखात्याच्या नाक्यावर विचारल्याशिवाय चित्रण सुरू करू नये.

सहावी पायरी : निगा

शनिवारच्या बाजारात गाडी लावताना कॅमेरा काढून न्यावा. त्यामुळे झटकन निघणारे माउंट घेणे फायद्याचे ठरते, मात्र त्याच्या कुलपाचा खटका बसल्याचा आवाज ऐकल्याशिवाय हात सोडू नये. उन्हाळ्यात कॅमेरा डिकीत फार वेळ ठेवू नये, कारण सीटखालची जागा इंजिनाच्या वर असल्याने तापते आणि लिथियम बॅटरीला ती उष्णता मानवत नाही. उभ्या गाडीवर, वारा नसताना चित्रण चालू ठेवल्यास कॅमेरा तापून आपोआप बंद पडतो, हेही लक्षात असावे.

पावसात आजचे बहुतेक अ‍ॅक्शन कॅमेरे स्वतःच टिकतात. प्रश्न भिंगावरच्या थेंबांचा असतो, म्हणून हात सहज पोहोचेल अशा जागेवरचा कॅमेराच त्या दिवसांत कामाचा, आणि तो पुसायचा तोही गाडी थांबवूनच. चिखलाच्या फेरीनंतर क्लॅम्प उघडून आतली माती धुऊन काढावी. ती तशीच राहिली तर नळीच्या क्रोमवर घासत राहते आणि पकडही सैल होते. गाडी वॉशिंगला देताना चिकट तळावर पाण्याचा जोराचा फवारा जवळून मारू नये, असे आधीच सांगून ठेवावे.

तळ काढायची वेळ आली तर तो ओढू किंवा उचकटू नये. केस वाळवण्याच्या यंत्राने पट्टी कोमट करावी, तिच्या मागून मासेमारीचा नायलॉनचा दोरा करवतीसारखा मागे-पुढे फिरवत न्यावा आणि उरलेला चिकटपणा निलगिरीच्या तेलाने हळूहळू पुसून काढावा. पेट्रोल लावल्यास अ‍ॅप्रनच्या रंगाची चमक जाते.